प्रतिज्ञेपासून आरंभ : गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र आणि वैचारिक निबंधाच्या प्रस्तावनेचे अध्यापन

१. प्रास्ताविक

मराठीच्या अध्यापनात निबंधाला स्थान आहे, परंतु निबंधाच्या आरंभाला नाही. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला ‘मोबाइल : शाप की वरदान’ यासारखा विषय दिला की तो बहुधा एखादे सुभाषित किंवा विज्ञानयुगाची थोरवी गाणारी दोन ठरीव वाक्ये लिहून प्रारंभ करतो. पुढे फायदे येतात, मग तोटे येतात, आणि शेवटी मोबाइल शापही आहे व वरदानही आहे असे सांगून तो मोकळा होतो. एवढ्या लेखनात त्याचे स्वतःचे मत कोठेच आलेले नसते. हा दोष विद्यार्थ्याचा मानणे अन्यायाचे आहे. निबंधाचा आरंभ सुंदर असावा एवढेच त्याला सांगितलेले असते. आरंभी काहीतरी ठरवावयाचे असते, हे सांगितलेले नसते.

काय ठरवावयाचे, याचे उत्तर आपल्या परंपरेत जुने आहे. न्यायशास्त्राने अनुमानवाक्याचे पाच अवयव मानले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. यांतील पहिला अवयव प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करावयाचे त्याचे स्पष्ट विधान. वैचारिक निबंधाच्या प्रस्तावनेचे मुख्य कार्य ही प्रतिज्ञा मांडणे होय. ज्या निबंधाला प्रतिज्ञा नाही, त्याला पुढे हेतू कशाचा द्यावयाचा हाच प्रश्न पडतो, आणि मग परिच्छेद केवळ माहितीने भरले जातात.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्या चरित्राकडे पाहावयाचे आहे. त्यांच्या सुधारणाविचाराचे मूल्यमापन अनेक अभ्यासकांनी केले आहे. त्याची पुनरुक्ती येथे अभिप्रेत नाही. आगरकरांनी शाळकरी मुलांसाठी प्रस्तावनालेखनाचा पाठ रचला होता, असेही सुचवावयाचे नाही. शाळेतील शिक्षक, वाक्याचा विचार करणारा वैयाकरण आणि मतपत्राचा संपादक या तीन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या. मत आधी ठरवावे आणि आधीच सांगावे, हा नियम त्यांनी लेखनात पाळला आणि त्याची किंमत आयुष्यात मोजली. म्हणून हे चरित्र निबंधाच्या शिक्षकाला विशेष उपयोगी आहे.

२. टेंभू ते अकोला

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची गरिबी इतकी होती की शिक्षणाची प्रत्येक पायरी त्यांना स्वतः बांधून चढावी लागली. आरंभीचे शिक्षण कऱ्हाडला आजोळच्या आश्रयाने झाले. तेथे पुढची सोय नव्हती, म्हणून काही काळ त्यांनी कचेरीत उमेदवारी केली. इंग्रजी शिक्षणाच्या ओढीने ते पायी रत्नागिरीस गेले, परंतु तेथे निभाव न लागल्याने परत आले. अखेर वऱ्हाडात अकोल्यास नातलगांकडे राहून त्यांनी १८७५ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या साहित्यप्रेमी शिक्षकाचा आधार त्यांना मिळाला, आणि पुण्यास जाऊन डेक्कन कॉलेजात शिकणे शक्य झाले.

महाविद्यालयीन खर्चासाठी त्यांनी ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात लेखन केले, वक्तृत्वस्पर्धांत भाग घेतला आणि शिष्यवृत्त्या मिळविल्या. एकच सदरा असल्याने तो रात्री धुऊन सकाळी घालण्याची त्यांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या कथेतील करुणरसापेक्षा अभ्यासकाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटावी. लेखन हे आगरकरांच्या दृष्टीने प्रथमपासून कामाचे साधन होते. वृत्तपत्राच्या मर्यादित जागेत व स्पर्धेच्या मर्यादित वेळेत ज्याला बोलावयाचे आहे, त्याला मंगलाचरणात वेळ घालविता येत नाही. मुद्द्यावर येण्याची सवय अशा गरजेतून लागते.

डेक्कन कॉलेजात त्यांनी इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास केला. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर झालेला परिणाम सर्वमान्य आहे. मिलच्या तर्कविचारातून विधान आणि त्याचा आधार यांचा संबंध तपासण्याची शिस्त त्यांनी घेतली. याच काळात बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणकार्यास वाहून घेण्याचा निश्चय दोघांनी केला. आपण मोठा पगार मिळविणार नाही, हे आगरकरांनी आईला पत्राने अगोदरच कळविले. घरच्या अपेक्षांना उत्तर देण्याचा प्रसंग पुढे येणारच होता. त्यांनी तो आधीच उरकून घेतला.

३. शाळा आणि ‘केसरी’

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. वामन शिवराम आपटे या संस्थेस येऊन मिळाले. आगरकर एम. ए. चा अभ्यासक्रम आटोपून १८८१ च्या आरंभी शाळेत रुजू झाले. त्याच महिन्यात ‘केसरी’ निघाला आणि त्याच्या संपादनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. दिवसा वर्ग आणि नंतर अग्रलेख, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ ते १८८१ या काळात ८४ अंकांतून मराठी निबंधाला सामर्थ्य दिले होते. त्या निबंधाचा आरंभ पुष्कळदा ऐसपैस असे. विषयाची व्याप्ती सांगणे, वाचकाशी थोडे हितगुज करणे, मागील लेखकांचा परामर्श घेणे आणि मग प्रतिपाद्याकडे वळणे, हा त्याचा डौल होता. मासिकाच्या वाचकाला ते मानवत होते. आगरकरांच्या हाती साप्ताहिक होते. रचनेतील फरकाचे एक कारण या दोन माध्यमांच्या भिन्नतेत सापडते. दुसरे कारण वृत्तीचे होते. चिपळूणकरांना वाचकाच्या ठायी स्वभाषेचा अभिमान जागवावयाचा होता, तर आगरकरांना वाचकाला त्याच्या रूढ समजुतीपासून हलवावयाचे होते. ज्याला हलवावयाचे, त्याला आपण कोठे उभे आहोत हे प्रथम दाखवावे लागते.

१८८२ मधील कोल्हापूर प्रकरण या संदर्भात विसरता येत नाही. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर प्रसिद्ध झाला. त्याचा आधार म्हणून जी पत्रे पुढे आली, ती न्यायालयात खरी ठरली नाहीत. टिळक व आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट मिळून १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. त्या अनुभवावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे त्यांचे भाषांतरही याच सुमाराचे. लोकांनी या प्रकरणात दोघा संपादकांचा गौरव केला. तरीही तर्काच्या बाजूने पाहता हा प्रसंग एक कठोर धडा देतो. प्रतिज्ञा कितीही सद्हेतूने केलेली असो, तिचा हेतू म्हणजे आधार तपासलेला नसेल तर ती टिकत नाही. प्रस्तावनेत ठाम विधान करण्यास मुलांना शिकविताना, त्या विधानाच्या पाठीशी काय आहे हे आधी विचारण्याची सवय लावणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

४. मतभेद आणि वियोग

ऑक्टोबर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. त्याच सुमारास बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर १८८४ मध्ये काढलेल्या टिपणांनी देशभर वाद पेटला होता. रखमाबाईंच्या खटल्याने त्यात भर घातली. सामाजिक सुधारणेला कायद्याचे साहाय्य घ्यावे, असे आगरकरांचे मत होते. परकीय सरकारने समाजाच्या अंतर्गत व्यवहारात हात घालू नये, अशी टिळकांची व त्यांच्याबरोबरच्या अनेकांची भूमिका होती. दोन्ही बाजूंना विचार होता आणि दोन्ही बाजूंना निष्ठा होती.

अडचण निर्माण झाली ती पत्राच्या स्वरूपामुळे. ‘केसरी’ हे एका मंडळाचे पत्र होते. मंडळाचे मत एक आणि संपादकाचे दुसरे असेल, तर लेखाच्या आरंभी प्रतिज्ञा कोणाची लिहावयाची? अशा वेळी मधला मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंचे थोडे थोडे सांगून निर्णय टाळणे. आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधात जे घडते ते हेच होय. आगरकरांनी तो मार्ग पत्करला नाही. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’चे संपादन सोडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला. त्याच्या इंग्रजी भागाचे काम गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळले. ‘सुधारक’ काढण्यामागील हेतू सांगताना आगरकरांनी आपली भूमिका प्रथमच मांडली : आपल्या मूळ प्रकृतीचा त्याग न करता पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर येणाऱ्या नव्या कल्पनांचा विवेकाने स्वीकार करावयाचा. पुढील सात वर्षांच्या लेखनाची ती प्रस्तावनाच होती.

५. वाक्याचा विचार

याच वर्षी, १८८८ मध्ये, आगरकरांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आगरकरांच्या चरित्रांत या पुस्तकाचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. सुधारकाने लिहिलेले व्याकरण म्हणून त्याकडे कौतुकाने पाहिले जाते, आणि त्याचा त्यांच्या निबंधलेखनाशी संबंध जोडला जात नाही. हा संबंध जोडणे आवश्यक आहे.

तोवर मराठी व्याकरणाचा भर शब्दांच्या जाती, विभक्ती आणि प्रत्यय यांवर होता. आगरकरांनी वाक्य हा स्वतंत्र विचाराचा विषय मानला. ज्याविषयी बोलावयाचे ते उद्देश्य, त्याविषयी जे सांगावयाचे ते विधेय; या दोहोंना कोणते शब्द विस्तार देतात, आणि गौण वाक्य प्रधान वाक्यावर कसे अवलंबून असते, हा या विचाराचा गाभा आहे. वर्गात वाक्याचे पृथक्करण करणारा विद्यार्थी वस्तुतः प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारीत असतो : हे कशाविषयी आहे, आणि त्याविषयी नेमके काय म्हटले आहे?

वैचारिक निबंधाच्या प्रस्तावनेला हेच दोन प्रश्न विचारावयाचे असतात. ‘मोबाइल’ हे केवळ उद्देश्य आहे. ‘शाप की वरदान’ हे विधेय नव्हे. तो न सुटलेला प्रश्न आहे. ‘शाळेच्या वेळेत विद्यार्थ्याजवळ मोबाइल नसावा’ असे म्हटले की विधेय लाभते आणि प्रतिज्ञा तयार होते. आता त्याविरुद्ध बोलणारा उभा राहू शकतो, आणि ज्याविरुद्ध कोणीच बोलू शकत नाही ते विधान निबंधाच्या कामाचे नसते. व्याकरणाचा तास आणि निबंधाचा तास यांत आपण जी भिंत उभी केली आहे, ती आगरकरांच्या लेखनव्यवहारात नव्हती. वाक्याचे विधेय शोधण्याची शिस्त आणि लेखाची प्रतिज्ञा ठरविण्याची शिस्त एकाच जातीची आहे.

६. ‘सुधारका’तील आरंभाची रीत

आगरकरांच्या निबंधांची शीर्षके पाहिली तरी हे ध्यानात येते. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ हे शीर्षक पूर्ण वाक्य आहे. ‘स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे’ या शीर्षकात तर दोन प्रतिज्ञा आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा धीट आहे. ‘मूळ पाया चांगला पाहिजे’ हेही विधानच. ‘गुलामांचे राष्ट्र’ या दोन शब्दांत निर्णय दडलेला आहे. ‘आमचे काय होणार?’ हा मात्र प्रश्न आहे. वाचकाला मत शोधत बसावे लागू नये, ही काळजी बहुतेक ठिकाणी शीर्षकापासूनच घेतलेली दिसते.

शीर्षकाने प्रतिज्ञा सांगितली की आरंभीच्या परिच्छेदाला दुसरे काम करण्यास अवकाश मिळतो. आगरकर पुष्कळदा एखाद्या सामान्य नियमापासून निघतात : मनुष्यस्वभावाचा, समाजाच्या वाढीचा किंवा सृष्टिक्रमाचा नियम. वाचकाला तो सहज मान्य होतो. मग त्या नियमाच्या प्रकाशात ते घरातली एखादी रूढी आणून ठेवतात. नियमाला मान डोलावलेल्या वाचकाला रूढीविषयी गप्प बसणे कठीण जाते. सामान्याकडून विशेषाकडे येणारी ही रीत शाळेत विज्ञानाच्या नियमांच्या बाबतीत मुलांना परिचित असते. निबंधात ती कोणी दाखवून देत नाही.

त्यांच्या आरंभाची दुसरी लकब म्हणजे पूर्वपक्षाची दखल. आपल्या म्हणण्यावर कोण काय म्हणेल, हे ते लवकर सांगतात आणि मग उत्तर देतात. येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. आगरकरांचा उपरोध तीव्र होता. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ या शीर्षकातच प्रतिपक्षाचा अधिक्षेप आहे. ज्या समाजाला धक्का देणे हे प्रयोजन होते, तेथे त्याचे समर्थन करता येईल. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे अनुकरणीय मानू नये. त्याने प्रतिपक्षाचे म्हणणे असे लिहावे की प्रतिपक्षाला ते आपलेच वाटावे. आगरकरांकडून पूर्वपक्ष मांडण्याची सवय घ्यावी, त्यांचा आवेश घेण्याची आवश्यकता नाही.

७. अखेरची वर्षे

उघड मत मांडण्याचे परिणाम आगरकरांना भोगावे लागले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. या वादात पुण्यातील लोकमताचा मोठा भाग त्यांच्या विरोधात गेला. सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा त्यांच्या जिवंतपणीच काढल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. जुने सहकारी दुरावले. टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. दम्याचा विकार आगरकरांना पूर्वीपासून होता, तो बळावत गेला. आपटे यांचे १८९२ मध्ये निधन झाल्यावर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. अध्यापन, प्राचार्यपद आणि ‘सुधारक’ ही तिन्ही कामे त्यांनी त्याच प्रकृतीवर रेटली. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूस बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते.

या आयुष्याकडे एकत्रित पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. आगरकरांच्या काही मतांना काळाने मान्यता दिली, काहींवर आजही वाद होतो. परंतु त्यांच्या लेखाचा वाचक, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, लेखक कोणत्या बाजूस उभा आहे याविषयी कधी संभ्रमात पडला नाही. विरोधकांनाही त्यांना विरोध करणे शक्य झाले, ते यामुळेच.

८. आजचा वर्ग

मराठवाड्याच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्यात ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांचा वाद रंगला, तेव्हा हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. वरच्या वर्गांत मराठीतून शिकण्याची आणि मराठीतून वाद घालण्याची सोय येथे उशिरा आली. मूळचे खेडे असलेल्या आणि आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पोटात आलेल्या गारखेड्यासारख्या वस्तीत जी मुले शाळेत येतात, त्यांतील कित्येकांच्या घरी लेखी युक्तिवादाची परंपरा दोन पिढ्यांपलीकडे जात नाही. त्यांना घोकलेली सुभाषिते देणे म्हणजे त्यांच्या हाती दुसऱ्याचे शब्द देणे आहे. प्रतिज्ञा देता येत नाही. ती ज्याची त्याला करावी लागते. म्हणूनच ती शिकविणे अगत्याचे आहे.

आगरकरांच्या चरित्रातून निघणारा क्रम वर्गासाठी असा मांडता येईल. प्रथम विषयाचे वाक्य करावे. ‘शाळेचे मैदान’ हा विषय दिला, तर ‘शाळेचे मैदान सुटीच्या दिवशी वस्तीतील सर्व मुलांना खुले असावे’ हे वाक्य मुलाने स्वतः बनवावे, किंवा त्याच्या उलट वाक्य बनवावे. शिक्षकाने कोणत्याही बाजूस झुकते माप देऊ नये. दुसरे, या वाक्याचे उद्देश्य व विधेय फळ्यावर वेगळे करावे. विधेय अस्पष्ट असेल तर वाक्य पुन्हा लिहावे. तिसरे, याला नाही कोण म्हणेल आणि का, हे एका वाक्यात लिहावे : मैदानाची मोडतोड होईल, देखरेख कोण करणार, अशी शंका मुख्याध्यापकांना येऊ शकते. चौथे, आपल्या म्हणण्याचा सर्वांत बळकट आधार कोणता, तो खरा आहे हे आपल्याला कसे ठाऊक, असे विचारावे. सर्वांत शेवटी, वाचकाला मान्य होईल असे एखादे सामान्य वाक्य शोधावे. वाढत्या वयात मुलांना खेळण्यास मोकळी जागा लागते, हे कोण नाकारील?

आता लेखनाचा क्रम उलटा होतो. सामान्य वाक्य आधी येते, मग शंका, मग प्रतिज्ञा आणि तिच्या आधाराची सूचना. चार-पाच वाक्यांत प्रस्तावना पूर्ण होते. लिहिताना जे शेवटी सुचते ते वाचकाला प्रथम भेटते, ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी लागते. अन्यथा पहिल्या ओळीपाशीच अडून त्यांचा अर्धा तास जातो.

मूल्यमापनातही त्याप्रमाणे बदल हवा. सुंदर आरंभाला गुण आणि स्पष्ट आरंभाला केवळ शेरा, अशी पद्धत चालू राहिली तर वर वर्णिलेला कोणताही पाठ टिकणार नाही. परीक्षकाला न पटणारी, परंतु नीट मांडलेली प्रतिज्ञा पूर्ण गुणांस पात्र आहे, हे विद्यार्थ्याला अनुभवाने कळले पाहिजे. ते कळेपर्यंत तो शाप आणि वरदान दोन्ही लिहीत राहील, कारण त्यात धोका नाही.

९. समारोप

आगरकरांनी शिक्षकाचा पेशा नाइलाजाने पत्करला नव्हता. अन्य मार्ग खुले असताना तो निवडला होता. त्यांच्या शाळेतील काम, त्यांचे व्याकरण आणि त्यांचे निबंध ही तीन स्वतंत्र दालने मानण्याची आपली प्रथा आहे. प्रस्तुत विवेचनातून या तिन्हींतील समान सूत्र दाखविण्याचा प्रयत्न केला आहे : ज्याविषयी बोलावयाचे ते निश्चित करावे, त्याविषयी काय म्हणावयाचे ते ठरवावे, आणि ते वाचकापासून लपवू नये. या सूत्राचे वर्गात उपयोजन करण्यास वेगळ्या साधनांची आवश्यकता नाही. फळा, एक वाक्य आणि त्या वाक्याला नाही म्हणण्याची मुभा असलेले विद्यार्थी एवढे पुरेसे आहे. यांतील तिसरी गोष्ट मिळविणे सर्वांत अवघड असते, आणि तिची जबाबदारी सर्वस्वी शिक्षकाची आहे.